वाइनचे खास ग्लास घ्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला घरी वाइनचाखणीच्या लहान बैठका घेऊ लागल्यापासून मला वाइनपेक्षा ग्लासविषयीच अधिक प्रश्न येतात. बहुतेकांच्या मनात एकच धास्ती असते, की योग्य ग्लास नसेल तर आपले काहीतरी चुकते आहे. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ‘चषक’ हा सुंदर शब्द क्रिकेटने पळवून नेल्यामुळे सर्वत्र ‘ग्लास’ हाच शब्द वापरला आहे.

१. वाइनसाठी वेगळा ग्लास लागतोच का? घरातल्या स्टीलच्या पेल्यात किंवा पाण्याच्या ग्लासात ओतली तर काय बिघडते?

वाइन बिघडत नाही. स्टीलला तर उगाच दोष दिला जातो. नाशिक-दिंडोरी परिसरातल्या वायनरींमध्ये, म्हणजे वाइनच्या कारखान्यांमध्ये, द्राक्षाचा रस बहुतांशी पोलादी टाक्यांमध्येच आंबतो, तेव्हा त्या धातूने चव जात असती तर ती बाटलीत भरण्याआधीच गेली असती. अडचण आहे ती आकाराची. आपण ज्याला वाइनची चव म्हणतो तिचा मोठा वाटा वासाचा असतो. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच ओळखते. पेरू, लिंबाची साल, मिरी, जांभूळ असे बाकी जे काही जाणवते ते थेट नाकाने किंवा घोट गिळल्यावर घशाच्या मागून नाकात चढून जाणवते. सर्दी झाली की आमटी बेचव लागते, त्याचे कारणही हेच. पाण्याचा ग्लास सरळ भिंतींचा किंवा वर पसरत जाणारा असतो आणि सवयीने काठोकाठ भरला जातो, त्यामुळे वास साठायला जागाच उरत नाही.

२. वाइनच्या ग्लासचे भाग कोणते आणि त्यांचे काम काय असते?

ग्लासचे पोट, काठ, दांडी आणि बूड असे चार भाग धरता येतात. पोट जिथे सर्वांत रुंद असते तिथे वाइनचा पृष्ठभाग मोठा होतो आणि वासाची द्रव्ये लवकर उडू लागतात. चहा बशीत ओतला की तो लवकर निवतो आणि त्याचा दरवळही चटकन पसरतो, तोच हा नियम आहे. फरक इतकाच की बशीतला दरवळ चहूकडे निघून जातो, तर ग्लासच्या भिंती वर जाताना आत झुकत असल्यामुळे तो पोटाच्या वरच्या रिकाम्या जागेत काही वेळ कोंडून राहतो. निमुळत्या तोंडामुळे ग्लास गोल फिरवताना वाइन बाहेर सांडत नाही. काठ जितका पातळ, तितकी काच ओठाला कमी जाणवते. दांडीमुळे तळहाताची ऊब वाइनपर्यंत पोहोचत नाही आणि तेलकट बोटांचे ठसे पोटावर उमटत नाहीत. बुडाने ग्लास उभा राहावा, यापलीकडे त्याच्याकडून काही अपेक्षा नाही.

३. ग्लासच्या आकाराने खरोखर फरक पडतो, की हा मनाचा खेळ आहे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या समजून घेतल्या नाहीत तर पैसे चुकीच्या जागी खर्च होतात.

भौतिक फरक मोजता येतो. जपानमधील कोहजी मित्सुबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, मद्यार्काची वाफ लागताच उजळणारी एक जाळी ग्लासच्या तोंडावर ठेवून तिची छायाचित्रे घेतली. तेरा अंश तापमानाची वाइन नेहमीच्या वाइनग्लासमध्ये असताना मद्यार्काची वाफ काठाला धरून कड्यासारखी गोळा झालेली दिसली आणि मधोमध तिचे प्रमाण कमी राहिले. म्हणजे तिथे नाक नेल्यास मद्यार्काचा झणका कमी लागतो आणि वाइनचा बाकीचा वास अधिक मोकळेपणाने येतो. सरळ भिंतींच्या ग्लासात आणि उथळ मार्टिनी ग्लासात असे कडे आढळले नाही. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: तोच वाइनग्लास आणि तीच वाइन पंचवीस अंशांवर नेल्यावर ते कडेही नाहीसे झाले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात या शेवटच्या वाक्याचे वजन किती आहे, ते प्रश्न ९ मध्ये पाहावे.

माणसांवर केलेल्या चाचण्यांचा निकाल त्यामानाने मवाळ आहे. जेनीन डेलविश आणि मार्शिया पेलचॅट यांनी २००२ मध्ये ग्लासच्या आकाराचा वासावर होणारा परिणाम तपासला, तेव्हा परिणाम आढळला, पण तो सूक्ष्म होता. दुसरीकडे अपेक्षेचा परिणाम अजिबात सूक्ष्म नसतो. फ्रान्समधील बोर्दो येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या चोपन्न विद्यार्थ्यांना दिली असता, त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. शिकलेल्या नाकांची ही गत असेल, तर हातातला नाजूक, महागडा, पातळ ग्लास आपल्या मतावर काय करत असेल याची कल्पना करावी. तो आनंद मी खोटा म्हणत नाही. फक्त तो वाइनमधून येत नाही, एवढेच.

४. वाइन जिभेच्या ठरावीक भागावर पडावी म्हणून वेगवेगळे ग्लास बनवतात, हे खरे आहे का?

नाही. टोकाला गोड, मागे कडू आणि कडांना आंबट असा जो जिभेचा नकाशा अनेकांनी शाळेत पाहिला आहे, त्याचे मूळ हेनिग या जर्मन संशोधकाच्या १९०१ मधील लेखात आहे. त्याने जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत थोडासाच फरक नोंदवला होता. पुढे १९४२ मध्ये एडविन बोरिंग या मानसशास्त्रज्ञाच्या ग्रंथातील आलेखामुळे तो फरक ठळक असल्याचा समज पसरला. प्रत्यक्षात जिभेच्या चव ओळखणाऱ्या प्रत्येक भागाला सर्वच चवी कळतात आणि घोट तोंडात गेल्यावर क्षणार्धात सगळीकडे पसरतो. ग्लासचे तोंड अरुंद असेल तर मान थोडी अधिक मागे न्यावी लागते आणि घोट लहान येतो, इतका परिणाम मान्य करता येईल. विक्रेत्याने जिभेचा नकाशा काढला की मी विषय बदलतो.

५. मग द्राक्षाच्या प्रत्येक जातीला वेगळा ग्लास ही कल्पना आली कुठून?

ती ऑस्ट्रियातून आली. रीडेल हे बोहेमियातले काचकाम करणारे घराणे, त्यांचा व्यवसाय १७५६ पासूनचा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे बोहेमियातले कारखाने गेले. पुढे क्लाउस रीडेल यांनी १९५६ मध्ये स्वारोव्स्की घराण्याच्या मदतीने ऑस्ट्रियातील कुफ्स्टाइन येथे नव्याने सुरुवात केली. त्या काळी चांगला ग्लास म्हणजे कोरीव, रंगीत, जाड आणि लहान, असेच समीकरण होते. क्लाउस यांनी कोरीवकाम, रंग आणि जाडी काढून टाकली आणि साध्या, पातळ, मोठ्या पोटाच्या काचेवर भर दिला. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील वाइनसाठी त्यांनी १९५८ मध्ये केलेला ग्लास न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यात सुमारे १०५० मिली द्रव मावतो, म्हणजे ७५० मिलीची अख्खी बाटली ओतूनही वर जागा उरते. १९७३ मध्ये वाइनच्या प्रकारागणिक आकार असलेली त्यांची मालिका आली आणि १९८६ मध्ये त्यांचे चिरंजीव गेऑर्ग यांनी तीच कल्पना यंत्रावर बनवलेल्या, तुलनेने स्वस्त ग्लासांतून घरोघरी नेली.

क्लाउस रीडेल यांचे ऋण मी मानतो. ‘ग्लासने वाइनची सेवा करावी’ हा विचार योग्यच होता आणि आज मिळणाऱ्या साध्यासुध्या चांगल्या ग्लासांवरही त्याची छाप आहे. पण वाईट ग्लासकडून चांगल्या ग्लासकडे जाताना जितका फरक पडतो, त्याच्या तुलनेत एका चांगल्या ग्लासकडून दुसऱ्या चांगल्या ग्लासकडे जाताना फारच थोडा पडतो. धंदा मात्र त्या दुसऱ्या फरकावरच चालतो.

६. एकच प्रकार घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा? दुकानात तो ओळखायचा कसा?

साधारण ४०० ते ४५० मिलीचा, रंगहीन, नक्षी नसलेला, दांडीचा आणि तोंडापाशी पोटापेक्षा स्पष्टपणे अरुंद असा ग्लास घ्यावा. पोटाची रुंदी साडेआठ-नऊ सेंटिमीटर आणि तोंडाची सहा-साडेसहा सेंटिमीटर असली, की लाल, पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी आणि बहुतेक प्रसंगी फेसाळ वाइनही त्यात नीट पिता येते. खोक्यावर कोणत्या द्राक्षाचे नाव छापले आहे, त्याकडे दुर्लक्ष करावे.

दुकानात तर्जनी काठावरून हलकेच फिरवून पाहावी. स्वस्त ग्लासच्या काठाला बांगडीसारखा गोल, जाडसर कंगोरा जाणवतो. चांगल्या ग्लासचा काठ कापून घासलेला असतो आणि बोटाला जवळजवळ सपाट लागतो. माझ्या मते पैसे मोजावेत ते या एका गोष्टीसाठी. नंतर ग्लास काउंटरवर ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून पाहावा, कारण दांडी किंचित कललेली असेल तर ती घरी गेल्यावर रोज डोळ्यांत खुपते. शेवटी तोंडात नाक घालून पाहावे. नाकाचा शेंडा आत गेला पाहिजे; तो काठावरच अडला, तर ग्लास कितीही देखणा असला तरी ठेवून द्यावा. दुकानदार चमत्कारिक नजरेने बघतो, त्याला इलाज नाही.

घेताना सहा घ्यावेत आणि पुढच्या वर्षीही तोच मिळेल असा नेहमीच्या विक्रीतला प्रकार निवडावा. ग्लास फुटतातच. चांगल्या साध्या काचेच्या सहा ग्लासांच्या पैशात फुंकून हाताने घडवलेला नामांकित ग्लास बहुधा एकही येत नाही, आणि फुटायला दोघांनाही सारखाच वेळ लागतो.

७. ग्लास किती भरायचा?

पोट जिथे सर्वांत रुंद असते तिथपर्यंत, म्हणजे साधारण एक-तृतीयांश भरावा. दीडशे मिलीचा एक, या हिशेबाने एका बाटलीत पाच ग्लास होतात. लग्नसमारंभात दोनशे मिलीच्या ग्लासात दीडशे मिली ओतून देतात, तेव्हा यजमानाचे मन मोठे असते, पण नाकाला जागा राहत नाही.

८. लाल वाइनला मोठा आणि पांढरीला लहान, हा नियम तरी पाळावा का?

पाळला नाही तरी चालेल. पांढऱ्या वाइनचा ग्लास लहान ठेवण्यामागे मुख्य कारण तापमानाचे आहे. ती आठ ते बारा अंशांवर प्यायची असल्यामुळे थोडी थोडी ओतून गार असतानाच संपवावी, असा त्यात हेतू असतो. मोठ्या ग्लासात शंभर मिलीच ओतली आणि बाटली बर्फात ठेवली की हाच हेतू साधतो. उलट, नाशिककडच्या सोव्हिन्यों ब्लाँसारख्या वासाने बोलक्या पांढऱ्या वाइनला मोठे पोट अधिक मानवते, असा माझा अनुभव आहे. तरुण, तुरट लाल वाइनला मोठे पोट आणि थोडे फिरवणे उपयोगी पडते, हे खरे आहे, पण त्यासाठी ४५० मिली पुरेसे आहेत. लाल वाइनच्या द्राक्षांपैकी शिराझचा एक आणि काबेर्ने सोव्हिन्योंचा दुसरा, असा भेद करण्याची गरज मला कधी भासली नाही.

९. आपण नाशिकची सहाशे-आठशे रुपयांची वाइन पितो. तिच्यासाठी चांगला ग्लास घेणे म्हणजे उधळपट्टी नाही का?

या प्रश्नातला न्यूनगंड आधी बाजूला ठेवू. ग्लासला बाटलीची किंमत कळत नाही. ताज्या फळांच्या वासाची, लवकर प्यायची वाइन हे तर आपल्याकडचे बलस्थान आहे आणि असा वरवरचा, उडून जाणारा वासच वाईट ग्लासात आधी हरवतो. अकलूजची लाल सान्जोवेजे असो की दिंडोरीची पांढरी शेनिन ब्लाँ, प्रश्न ६ मध्ये सांगितलेल्या ग्लासात ती पाण्याच्या ग्लासापेक्षा निश्चितच अधिक सांगते. अर्थात दोष असेल तर तोही अधिक सांगते.

मात्र त्याहून मोठा फरक एका फुकटच्या गोष्टीने पडतो. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हे वाक्य जिथून आले, त्या युरोपातल्या जुन्या घरांची खोली सोळा-अठरा अंशांची असे. नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो आणि संध्याकाळी सातलाही दिवाणखान्यातली बाटली तीस अंशांवर असते. अशी वाइन कोणत्याही ग्लासात ओतली तरी मद्यार्कच आधी नाकात शिरतो आणि प्रश्न ३ मधील ते कडे तयारच होत नाही. मागच्या मे महिन्यात मी एकच शिराझ दोन प्रकारे वाढली: एक दिवाणखान्यातल्या कपाटातली, उंची पातळ ग्लासात, दुसरी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवलेली, भांड्यांच्या दुकानातल्या साध्या ग्लासात. आठही जणांना दुसरी वाइन वेगळी आणि महाग वाटली. तेव्हा उन्हाळ्यात लाल वाइनही पिण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि ग्लासची यादी त्यानंतर करावी.

१०. स्पार्कलिंग वाइनसाठी उंच, सडपातळ फ्लूट घ्यावाच लागतो का?

येथे आकाराचा प्रश्न खरोखर रंगतदार आहे. जुन्या चित्रपटांत दिसणारा पसरट, बशीसारखा ग्लास देखणा असला तरी त्याच्या मोठ्या पृष्ठभागावरून वायू लवकर निघून जातो. फ्लूटमध्ये बुडबुड्यांची सर छान दिसते आणि फेस टिकतो, पण तोंड इतके अरुंद असते की वास पुरेसा मिळत नाही. शिवाय फ्रान्समधील रांस विद्यापीठातील जेरार लिजे-बेलेर यांनी शँपेनवर वर्षानुवर्षे केलेल्या कामातून असे दिसले, की फ्लूटच्या तोंडाशी कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बशीसारख्या ग्लासपेक्षा बरेच जास्त असते. नाकाला झिणझिण्या येतात त्या यामुळेच. म्हणून शँपेन प्रांतातही आता ट्यूलिपसारख्या, मधे फुगीर आणि वर निमुळत्या ग्लासाला पसंती मिळते. प्रश्न ६ मधील ग्लास त्याच्या जवळ जातो, फक्त तो कमी भरावा.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. नारायणगावच्या शातो इंडाज या वाइन कंपनीने १९८० च्या दशकातच ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशी पाठवली होती आणि पुढे दिंडोरीला शाँडन या फेसाळ वाइनच्या परदेशी कंपनीची वायनरी उभी राहिली.

ग्लासपेक्षा ओतण्याची पद्धत येथे अधिक मोलाची ठरते. लिजे-बेलेर यांच्याच गटाने २०१० मध्ये दाखवले, की ग्लास तिरका धरून, बिअर ओततात तशी भिंतीवरून ओतल्यास वाइनमध्ये विरघळलेला वायू अधिक टिकतो. आणखी एक गंमत अशी, की बुडबुडे काचेतून निघत नाहीत. पुसण्याच्या कापडाचे किंवा हवेतले सूक्ष्म तंतू काचेला चिकटलेले असतात, त्यांच्या पोकळीतून ते निघतात. ग्लास अगदी निर्मळ असेल तर बुडबुड्यांच्या ओळी जवळजवळ दिसतच नाहीत. ‘वाइन शिळी आहे, बुडबुडे येत नाहीत’ अशी तक्रार करण्याआधी कोरड्या सुती कापडाने ग्लास आतून पुसून पाहावा.

११. बिनदांडीचे ग्लास कसे?

गर्दीच्या टेबलावर ते कलंडत नाहीत आणि कपाटात सहज मावतात. मात्र हाताची ऊब वाइनला लागते आणि भजी खाऊन झाल्यावर त्यांच्या पोटाकडे बघवत नाही. पोट आणि काठ चांगले असतील तर लाल वाइनसाठी चालतील. गार वाइनसाठी मी घेणार नाही.

१२. क्रिस्टल म्हणजे नेमके काय? त्यात शिसे असते म्हणतात, ते धोक्याचे आहे का?

परंपरेने क्रिस्टल म्हणजे शिशाची काच. युरोपीय नियमांनुसार ‘लेड क्रिस्टल’ म्हणवण्यासाठी काचेत किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असावे लागते. शिशामुळे काच जड होते, अधिक चमकते आणि कोरायला सोपी जाते. वाइन ग्लासात तासभर राहिल्याने मिसळणारे शिसे अत्यल्प असते, पण त्याच काचेच्या सुरईत पोर्ट ही गोड, कडक वाइन किंवा ब्रँडी आठवडेच्या आठवडे भरून ठेवली तर ते प्रमाण वाढत जाते. तसे मुळीच करू नये. आज बाजारात मिळणारे बहुतेक नवे क्रिस्टल ग्लास शिसेविरहित असतात आणि त्यांत बेरियम, जस्त किंवा टायटॅनियमची संयुगे वापरून काच पातळ तरीही टणक केलेली असते. आजोबांच्या कपाटातला नक्षीदार जड संच असेल, तर तो प्रसंगापुरता वापरावा आणि साठवणीसाठी वापरू नये.

१३. इतके पातळ ग्लास धुवायचे कसे? आमच्याकडे महिन्याला एक फुटतो.

पिताना सहसा फुटत नाहीत; रात्री उशिरा, उत्साहात धुताना फुटतात. माझा सर्वांत चांगला ग्लास मी स्वतःच असा घालवला. डाव्या हाताने बूड धरले, उजव्या हाताने कापड आत घालून पोट पिळल्यासारखे फिरवले आणि दांडी मधोमध काडीसारखी मोडून तळहातात शिरली. तेव्हापासून घरात नियम आहे, की पोट धुताना आणि पुसताना हात पोटावरच असावा, बुडावर कधीही नाही.

रात्री ग्लासात थोडे पाणी ओतून बाजूला ठेवावेत आणि सकाळी शांतपणे धुवावेत. खरखरीत काथ्या किंवा तारेची घासणी वापरू नये. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो, तोही नीट खळबळून काढावा लागतो, कारण साबणाचा अंश राहिला तर त्याचा वास येतो आणि फेसाळ वाइनचा फेस बसतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढुरके डाग पडले असतील तर लिंबूपाण्यात किंवा पातळ व्हिनेगरमध्ये काही मिनिटे बुडवावेत. राखेने किंवा कोणत्याही पुडीने घासू नयेत. पुसण्याआधी उकळत्या पाण्याच्या वाफेवर क्षणभर धरल्यास काच लख्ख होते.

१४. धुतलेल्या ग्लासलाही कसला तरी वास येतो. काय करावे?

तो कपाटाचा वास असतो. ग्लास पालथा ठेवला की फळीचा, पॉलिशचा, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राचा वास आत कोंडतो आणि जवळच डांबराच्या गोळ्या किंवा मसाल्याचे डबे असतील तर प्रश्नच मिटला. ग्लास उभे ठेवावेत आणि वापरण्याआधी एकदा साध्या पाण्याने खळबळून घ्यावेत. पाहुण्यांसमोर वाइन ओतण्यापूर्वी रिकामा ग्लास हुंगण्याची सवय लावून घ्यावी. चाखणीच्या बैठकीत ‘या वाइनला बुरशीचा वास आहे’ असे कोणी म्हटले, तर मी प्रथम दुसऱ्या ग्लासात ओतून पाहतो, आणि पुष्कळदा बाटली निर्दोष सुटते.

१५. मोठ्या ग्लासामुळे आपण जास्त पितो का?

अंदाजाने ओतणाऱ्याच्या हातून तसे होऊ शकते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इंग्लंडमधील जुन्या-नव्या ग्लासांची मापे गोळा केली, तेव्हा अठराव्या शतकात सरासरी ६६ मिलीचा असलेला वाइनग्लास २०१६-१७ पर्यंत ४४९ मिलीवर गेलेला दिसला. मोठ्या पोटात दीडशे मिली केविलवाणे दिसतात आणि हात पुढे ओततच राहतो. एकदा मापाच्या पेल्याने दीडशे मिली मोजून आपल्या ग्लासात ती पातळी कुठे येते ते लक्षात ठेवावे.

१६. हॉटेलात जाड, लहान ग्लास दिला, किंवा लॉनवर प्लास्टिकचा मिळाला, तर?

हॉटेलात मोठा ग्लास मागण्यात कमीपणा नाही. पाण्याचा दांडीचा मोठा गोलसर ग्लास बहुतेक ठिकाणी असतो आणि तो त्यांच्या वाइनग्लासापेक्षा सरस ठरतो. तोही नसेल तर आहे त्यात अर्धेच ओतायला सांगावे. लॉनवर, गच्चीवर आणि पोहण्याच्या तलावाकाठी काच नकोच. आत झुकलेल्या तोंडाचा प्लास्टिकचा ग्लास सरळ भिंतींच्या काचेच्या ग्लासापेक्षा बरा.

१७. गोव्याची पोर्ट आणि फेणी कोणत्या ग्लासात प्यावी?

गोव्यात पोर्ट म्हणून मिळणारी गोड लाल वाइन पुष्कळजण बर्फ घालून पितात, आणि बर्फ पडला की वासाचा बाजार उठतो. तेव्हा हाताला येईल तो ग्लास घ्यावा. फेणीची गोष्ट वेगळी आहे. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काजूची फेणी साधारण ४२ टक्के मद्यार्काची आणि अतिशय उग्र वासाची असते. ती मोठ्या पोटाच्या ग्लासात घेतली तर वास अंगावर येतो. लहान, ट्यूलिपच्या आकाराच्या ग्लासात तीस मिली ओतून, नाक काठापासून दोन बोटे दूर ठेवून हुंगल्यास त्या उग्रपणामागचे काजूचे बोंड सापडते.

१८. भाऊ अमेरिकेतून येणार आहे. तिकडून चांगले ग्लास मागवू का?

मागवू नयेत, असे माझे मत आहे. बॅगेत टॉवेलांत गुंडाळून आणलेल्या सहांपैकी पाच पोहोचतात, वर्षभरात तीन उरतात आणि त्या तिनांना येथे जोड मिळत नाही. भावाला तिकडची एखादी वाइन आणायला सांगावी, तीही नियमांत बसेल तेवढीच.

१९. हे सगळे तुम्ही सांगता, पण आम्ही घरी पडताळून कसे पाहावे?

नेहमीची पद्धत, म्हणजे दोन ग्लास समोर ठेवून ‘फरक जाणवतो का?’ असे विचारणे, निरुपयोगी आहे. विचारल्यावर फरक जाणवतोच. त्याऐवजी एकच वाइन, एकाच तापमानाला, सारख्या प्रमाणात तीन ग्लासांत ओतावी. त्यांतले दोन ग्लास एका प्रकारचे आणि एक निराळा असावा. चाखणाऱ्याने डोळे मिटावेत, ग्लासला हात लावू नये आणि दुसऱ्या माणसाने एकेक ग्लास नाकाखाली धरावा. निराळा ग्लास कोणता, एवढेच ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येणारच, म्हणून क्रम बदलत हा प्रयोग किमान दहा-बारा वेळा करावा आणि प्रत्येक उत्तर लिहून ठेवावे.

आमच्या जेवणाच्या टेबलावर पाण्याचा सरळ ग्लास आणि वाइनग्लास यांतला फरक बहुतेकांनी बहुतेक वेळा ओळखला. ‘बोर्दो’ आणि ‘बर्गंडी’ अशी नावे असलेले दोन चांगले ग्लास घेतले, तेव्हा आमची उत्तरे नाणे उडवल्यासारखी येऊ लागली आणि ज्या पाहुण्यांनी आधी सर्वांत ठामपणे फरक सांगितला होता, ते डोळे उघडून मुकाट्याने शेंगदाणे खाऊ लागले. हा काही शास्त्रीय निष्कर्ष नव्हे, एका टेबलाची नोंद आहे. तुमच्या टेबलावर निराळे घडले आणि तुमचे नाक वारंवार बरोबर ठरले, तर दोन प्रकार जरूर घ्यावेत.

२०. लग्नात सहा वेगवेगळ्या आकारांचे ग्लास असलेला संच मिळाला आहे. त्याचे काय करू?

खोक्यासोबतचा तक्ता फेकून द्यावा आणि प्रत्येक आकार प्रश्न ६ च्या कसोटीवर पाहावा. मधल्या मापाचा, आत झुकलेला जो असेल तो रोजचा ठरवावा. सर्वांत मोठा असेल त्यात तरुण लाल वाइन फिरवण्याची हौस भागवावी. पसरट ग्लासांत श्रीखंड किंवा फळांचे तुकडे वाढावेत. फ्लूटमध्ये सोलकढी फार सुरेख दिसते. मात्र नारळाच्या दुधाचा तेलकट थर त्या अरुंद तळाशी धरून राहतो आणि तिथवर बोटे पोहोचत नाहीत, म्हणून त्यात पुन्हा फेसाळ वाइन ओतण्याआधी बाळाची दुधाची बाटली धुण्याचा मऊ ब्रश वापरून तो प्रश्न १३ मध्ये सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करावा.